सुपडूच्या खिशातले खडे

ज्या शाळेत मुलाची पत त्याच्या पायांवरून ठरते, त्या शाळेत पळता न येणाऱ्या मुलाला आपली जागा कशी मिळते? हा प्रश्न मी बरीच वर्षे जवळ बाळगला आहे. पुढे शिक्षक झालो, निरनिराळ्या शाळांत पळणारी आणि न पळणारी अशी शेकडो मुले पाहिली. तरी उत्तर शोधताना मन प्रत्येक वेळी एकाच मुलापाशी जाऊन थांबते. त्याचे नाव सुपडू. त्याला जागा मिळाली होती आणि मला मिळाली नव्हती, आणि आम्ही दोघेही पळू शकत नव्हतो. म्हणून उदाहरण त्याचेच घेतो. साक्षीदार मत्सरी आहे, हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे.

आमची शाळा धुळ्याची. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. इमारत बेताची, मैदान मात्र अफाट, आणि मैदानावर खो-खो. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक सुविचार सांगत, पण मुले कान टवकारत ती त्यानंतरच्या घोषणेसाठी: आदल्या दिवशीच्या सरावात कोण किती वेळ पळाला. संघातला मुलगा वर्गात उशिरा आला तर गुरुजी खडू न थांबवता मानेनेच त्याला आत घेत. आमच्यासारख्यांना मात्र उशिराचे कारण सांगावे लागे. जे खेळत नसत त्यांच्याकडे मैदानावर पांढऱ्या भुकटीने रेषा आखण्याचे काम असे. त्या भुकटीला फक्की म्हणत, आणि आम्हाला फक्कीवाले. हा शब्द शिवीसारखा उच्चारला जात नसे. एखाद्या सामानाचे नाव घ्यावे तसा तो उच्चारला जाई, आणि ते अधिक लागे.

फक्कीवाल्यांचे प्रकार मी तेव्हाच पाडून ठेवले होते. काही जण पुस्तकात तोंड खुपसून मैदान नसल्यासारखे वागत. काही जण खेळाडूंना हसवून त्यांच्यात बसायला मिळवत, पण हसू संपले की त्यांना उठावे लागे. मी तिसऱ्या प्रकारातला, उपयोगी पडणारा. वडील प्राथमिक शिक्षक असल्याने पट्टी, दोरी आणि रकाने हे आमच्या घरातलेच होते. मी दोरी ताणून फक्की मारी आणि माझी रेषा केसभरही हलत नसे. सरावाच्या वेळी मांडीवर पाटी घेऊन कोण किती सेकंदांनी बाद झाला हे लिहून ठेवी. क्रीडाशिक्षक देवरे सर ते आकडे खरोखर वापरत. संघातली मुले मला ‘मास्तर’ म्हणत. मला वाटे, आज ना उद्या याच वाटेने मी आत जाईन.

सुपडू नववीत आला. चोपड्याजवळच्या एका खेड्यातला, घरी केळी आणि कपाशी. शाळेच्या वसतिगृहात राहायला आलेला. देह थोराड, तळपाय सपाट, आणि चाल अशी की पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी तो मागच्या पावलाची परवानगी घेतो आहे असे वाटावे. देवरे सरांचा नियम होता की नव्या वर्षी प्रत्येकाने मैदानाला एक फेरी मारायची. मी दम लागत असल्याचा दाखला देऊन बाजूला बसलो होतो. सुपडूकडे दाखला नव्हता. तो पहिल्या तुकडीबरोबर निघाला आणि इतका मागे पडला की सरांनी दुसरी तुकडी सोडली, त्या तुकडीतली दोन मुले त्याला गाठून पुढे गेली, आणि सुपडू त्यांच्या मागोमाग रेषेवर पोचला. सरांनी तुकडी न पाहता मोठ्याने सांगितले, “तिसरा.” निवडीसाठी पहिले चार घेत असत.

सुपडू धापा टाकत सरांसमोर जाऊन उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, “सर, मी ह्या तुकडीना नही. मी पहिली तुकडीना शे. मी आत्ते पोचनू.”

देवरे सर हसले. आम्ही त्यांना हसताना तोवर पाहिले नव्हते. सगळे मैदान हसले, आणि सर्वांत शेवटी, श्वास सापडल्यावर, सुपडूही हसला. मी तेवढा हसलो नाही. माझ्या मनात आले, याला दाखला आणायला सुचला कसा नाही? आज लिहिताना कळते की मला राग त्याच्या भोळेपणाचा आला नव्हता. शेवटचा येऊनही त्याचे काही गेले नाही, याचा आला होता.

त्याच्या सवयी सांगतो. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी तो अनवाणी मैदानात उतरे आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, जिथे खेळाडू पळताना झेपावतात त्या पट्ट्यात, पाय घासत चाले. सपाट तळव्याला लागेल तो खडा उचलायचा आणि चड्डीच्या खिशात टाकायचा. खिसे भरले की मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली जाऊन ओतायचे. लिंबाखाली खड्यांचा ढीग झाला होता. खिसे इतक्यांदा फाटले की त्याच्या आईने शेवटी त्यांना जाड मांजरपाटाचे अस्तर लावून पाठवले. हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. मी एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला की घरी तो वाफ्यातले खडे असेच काढतो. पळता येत नाही तर निदान पळणाऱ्याचा गुडघा तरी फुटू नये.

त्याचे एक ठरलेले वाक्य होते. ‘फक्कीवाल्या, बसून बसून मुळे फुटतील’ असे कोणी डिवचले की तो शांतपणे म्हणे, “खो-खोमा आठ जन बशेलच ऱ्हातस. बशेल मानूसले बठ्ठं दिसस.” बसलेल्या माणसाला सगळे दिसते. या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला, कारण मीही बसलेलाच होतो आणि मलाही सगळे दिसत होते. पण मला जे दिसे ते मी लिहून ठेवी. त्याला जे दिसे त्याचे तो काय करी, हे आता सांगायचे आहे.

आमच्या संघाचा आधार रफिक होता. त्याचे वडील जुन्या धुळ्यात भांड्यांना कल्हई करत. खांबाला वळसा घालताना रफिक असा फिरे की पाठलाग करणाऱ्याच्या हातात नुसता वारा येई. त्याच रफिकचे एकदा तीन दिवस काही जमेना. सराव सुरू होतो न होतो तोच तो बाद होई. तिसऱ्या दिवशी सर सर्वांदेखत बोलले आणि रफिक लिंबाखाली जाऊन पाठ फिरवून बसला. मी पाटीवर लिहिले: रफिक, बावीस सेकंद. सुपडू उठला, आपल्या त्या संथ चालीने गेला आणि त्याच्या शेजारी बसला. खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या, त्यातले दोन खडे वेगळे केले आणि शेंगा मध्ये ठेवल्या. बराच वेळ तो एकेक शेंग फोडत राहिला. मग सुपडू म्हणाला, “घरनं पत्र उनं. आमनी म्हैसले पारडी व्हयनी.”

म्हशीला रेडकू झाले, एवढीच बातमी. रफिकने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि तो खो खो हसत सुटला. इतका, की पलीकडे खेळ थांबला. त्या दिवसापासून ‘सुपड्याची पारडी’ हा संघाचा परवलीचा शब्द झाला. कोणी पडला, कोणी चुकला, की दुसरा विचारी, ‘पारडी कशी शे?’ मला ती भाषा समजत होती, पण मी ती कधी वापरली नाही. मला कोणी विचारलेच नव्हते.

पुढे मी नीट पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की हे एकदाच घडलेले नव्हते. जो आधी बाद होई त्याच्याशेजारी सुपडू जाऊन बसे. त्याला धीर देत नसे, चूक दाखवत नसे. केळ्यांच्या घडांविषयी किंवा वसतिगृहातल्या कळण्याच्या भाकरीविषयी काहीतरी बोले. त्याच क्षणी मी त्या मुलाचे सेकंद लिहीत असे.

हेवा कशाकशाचा वाटावा याला सीमा नव्हती. सुपडूची फक्की वाकडी येई. ती पाहून कप्तान बन्सी ओरडे, ‘अरे, ही रेष चोपड्याच्या घाटातून आणली का?’ आणि स्वतः येऊन त्याच्या हातातला डबा घेई. आणखी दोघे दोरी धरत. माझी रेष सरळ असे, म्हणून माझ्या मदतीला कधी कोणी आले नाही. त्याचे नाव मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ‘सुपड्याऽ’ असे ताणले जाई. माझे नाव कोणी मोडून-वाकवून वापरले नाही. माझ्या नावाला कोणी हातच लावला नाही.

खो-खोत पळणारे तिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. तुकड्यांचा क्रम आधी गुणलेखकाच्या टेबलावर लिहून द्यावा लागतो, आणि एक तुकडी बाद झाली की दोन खो व्हायच्या आत पुढच्या तिघांनी आत शिरायचे असते. जो उशीर करील तो पाय न टाकताच बाद. आमची मुले यादी पाहत नसत. सुपडू त्यांच्या मागे बसे, क्रम त्याच्या डोक्यात असे, आणि वेळ आली की तो तिघांच्या पाठीवर एकामागून एक थाप देई. ज्याच्या पाठीला त्याचा हात लागला तो उठून पळत सुटे. ही पद्धत कोणी ठरवली नव्हती. यादी मात्र मी लिहीत असे, सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत.

दहावीच्या वर्षी आंतरशालेय सामने जळगावला होते. आमच्याकडे एक रिवाज होता: परगावी खेळायला जाण्यापूर्वी संघातला प्रत्येक मुलगा आपल्या मैदानातली चिमूटभर माती एका फडक्यात टाकी. ती पुरचुंडी बरोबर न्यायची आणि तिथल्या मैदानात सोडायची. फक्त खेळणाऱ्यांनीच माती टाकायची, हा नियम. त्या संध्याकाळी बारा जणांचे झाल्यावर बन्सीने पुरचुंडी बांधली नाही. ती त्याने सुपडूपुढे धरली. सुपडू मागे सरला.

“टाक रे सुपड्या,” बन्सी म्हणाला. “खडा तू येचस, मंग माती काय आमनी एकलासनी शे का?”

सुपडूने वाकून चिमूट घेतली, सवयीने बोटांत चाळली, एक खडा बाजूला काढला आणि उरलेली माती टाकली. सगळे हसले. बन्सीची नजर मग माझ्याकडे आली. क्षणभर मला वाटले, आता तो पुरचुंडी माझ्याकडे वळवणार. तो म्हणाला, “मास्तर, यादी घेतलीस ना?”

मी म्हणालो, घेतली.

दुसऱ्या दिवशी जळगावच्या मैदानावर, सामन्याला थोडाच अवकाश असताना, देवरे सरांनी रफिकचा घोटा पाहिला. तो सुजला होता. रफिकने मोज्याखाली लपवला होता. सरांनी त्याला काही न बोलता मला बाजूला घेतले आणि सांगितले की रफिक दुसऱ्या तुकडीत नको, शेवटच्या तुकडीत जाऊ दे. त्याच्या जागी शेवटच्या तुकडीतला भिका. टेबलावर नवी यादी दे आणि सुपडूला सांग. एवढे सांगून ते पंचांकडे गेले.

मी नवी यादी लिहिली, टेबलावर दिली आणि दुसरी प्रत घेऊन सुपडूकडे निघालो. तो मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी बसला होता. एक जण त्याच्या गुडघ्याला टेकून बूट बांधत होता, भिकाचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि पुरचुंडीतली माती कोण कुठे सोडणार यावरून त्यांची थट्टा चालली होती. मी दोन पावलांवर उभा राहिलो. कोणी वळून पाहिले नाही. मी ठरवले की त्याने विचारले तर सांगीन.

मी विसरलो असे म्हणता येणार नाही. सबंध वेळ कागद माझ्या हातात होता.

पहिली तुकडी बाद झाली. सुपडूने तीन पाठींवर थाप दिली आणि तिसरी पाठ रफिकची होती. तिघे धावले. टेबलावरच्या गृहस्थांनी हात वर करून रफिकला अडवले: या तुकडीत तुझे नाव नाही. रफिक गोंधळून मागे पाहू लागला, सुपडू उभा राहिला, कोणीतरी ‘भिका, भिका’ ओरडले, आणि भिका उठेपर्यंत दोन खो होऊन गेले होते. भिका मैदानात पाय न टाकता बाद झाला. आम्ही दोन गुणांनी हरलो. त्यातला एक गुण निश्चितपणे माझा. दुसऱ्याविषयी मी अजून आकडेमोड करतो आहे.

सामना संपल्यावर सर आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सुपडूकडे. यादी बदलल्याचे तुला कळले नव्हते का, असे त्यांनी त्याला विचारले. मी हातातला कागद मुठीत मिटला.

“सांगितलं होतं, सर,” सुपडू म्हणाला. “मीच विसरलो.”

दोन वर्षांत मी त्याला पुस्तकी मराठी बोलताना ऐकले नव्हते. खोटे बोलण्यासाठी त्याने ती प्रथमच वापरली.

मला काय हवे होते ते स्पष्ट सांगतो. माझी अशी समजूत होती की त्याची जागा त्याच्या उपयोगावर उभी आहे. उपयोग काढून घेतला की जागा जाईल, आणि मग आम्ही दोघे एका पायरीवर येऊ. परतीच्या एसटीत ते घडताना पाहायला मी तयार होतो. सुपडू अगदी मागच्या बाकावर एकटा जाऊन बसला. मुले पुढे बसली. एरंडोल येईपर्यंत कोणी बोलले नाही. एरंडोलचा थांबा सुटला आणि भिका उठला. पाय न टाकता बाद झालेला तोच भिका. मला वाटले, आता हा जाऊन त्याची गचांडी धरणार. भिका डुलत डुलत मागे गेला आणि सुपडूशेजारी बसला. दोघेही खिडकीबाहेर पाहत राहिले. मग भिकाचा आवाज आला.

“सुपड्या, तुन्ही पारडी कशी शे?”

सुपडूने मान वळवली. “मोठी व्हयनी,” तो म्हणाला. “तुन्हापेक्षा लवकर मैदानमा उतरस.”

भिका हसला, मग रफिक, मग सगळी गाडी; कंडक्टरनेही वळून पाहिले. पारोळा येईपर्यंत मागच्या बाकावर सहा जण कोंबून बसले होते आणि शेंगांची टरफले पुढपर्यंत येत होती. मी चालकामागच्या आसनावर होतो. यादीची ती दुसरी प्रत माझ्या मुठीत ओली झाली होती. धुळे येईपर्यंत मागे जाऊन खरे सांगावे असे किती वेळा मनात आले, ते मोजले नाही. एरवी मी सगळे मोजत असे.

त्यानंतर दहावी झाली, आम्ही पांगलो.

सुपडूला मी एकदाच पुन्हा पाहिले, नव्वदच्या दशकात. मी तेव्हा जळगावात शिक्षक होतो, मेहरूणला राहत होतो, आणि शाळेच्या मुलांना घेऊन सामन्यांसाठी चोपडा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. सकाळी लवकर पोचलो. मैदानात एक थोराड माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अनवाणी, पाय घासत चालत होता. सदऱ्याचे दोन्ही खिसे वजनाने लोंबत होते. केळीची काढणी सुरू असताना हा इथे काय करतो, असे गावातले एक आबा कौतुकाने कुरकुरत होते. त्यांच्याकडून कळले की गावच्या शाळेची स्पर्धा असली की सुपडूभाऊ बाग सोडून येतो.

त्याने मला ओळखले, मास्तर म्हणून हाक मारली आणि शेजारी बसवून घेतले. खेळ सुरू झाला. मी बरेच इकडचे तिकडचे बोललो. शेवटी म्हणालो, “सुपडू, त्या दिवशी जळगावला मी तुला यादी सांगितली नव्हती.”

“माले म्हाईत शे,” तो मैदानाकडे पाहतच म्हणाला. “तू दोन पावलं लांब हुभा व्हता. हातमा कागद व्हता.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तू आमनामा येशी, बसशी, म्हनीसन मी वाट दखत व्हतू. चुकनं मन्हं. मीच बलावाले पाहिजे व्हतं.”

मी क्षमा मागायची म्हणून वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात शिटी वाजली. आमच्या शाळेचा एक मुलगा, माझाच विद्यार्थी, आत शिरताच बाद झाला होता आणि दोरीबाहेर जाऊन पाठ फिरवून बसला होता. माझा हात सवयीने घड्याळाकडे गेला. सुपडू गुडघ्यावर हात टेकून उठला, मैदानाला वळसा घालून त्या परक्या मुलापाशी गेला आणि त्याच्या शेजारी बसला. त्याने खिशात हात घातला, खडे एका बाजूला केले आणि काहीतरी मध्ये ठेवले. तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही. मुलाची मान वळलेली मात्र दिसली. एसटी आली आणि मी मुलांना हाक मारली, तेव्हाही ते दोघे तिथेच होते. सुपडूची मला शेवटची दिसली ती पाठ.

तेव्हा मला त्याचा हेवा वाटला. आज लिहितानाही तो गेलेला नाही.

आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की उपयोगी पडल्याने काम मिळते, जागा मिळत नाही. हरलेल्याशेजारी जो न मोजता जाऊन बसतो, त्याच्यासाठी इतर जण सरकून जागा करतात. पण हे एकाच उदाहरणावरून, आणि ज्याचे हात त्या उदाहरणात गुंतले होते अशा माणसाने काढलेले उत्तर आहे. ते तसेच स्वीकारू नये. आपल्या जवळच्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर एखाद्या संध्याकाळी जावे. पळणाऱ्याकडे पाहू नये. पहिला मुलगा बाद होईल तेव्हा त्याच्याकडे कोण जातो, आणि काही दिवसांनी त्या जाणाऱ्याची स्वतःची वेळ येते तेव्हा त्याच्याकडे कोण जाते, एवढे पाहावे आणि माझे उत्तर स्वतः पडताळून घ्यावे, ही विनंती.